पाच वर्षं उंदीर, आणि मग नोविकी

५ जानेवारी

उद्यापासून पुन्हा वॉर्ड. कपाटातून पांढरा कोट काढला. पाच वर्षं तो बर्फातल्या बुटांच्या मागे लोंबत होता. धुऊन इस्त्री केला तरी काखेत पिवळा राहिलाच. विद्यार्थ्यांचा कोट आखूड, कमरेपाशी संपणारा. खऱ्या डॉक्टरांचा गुडघ्यापर्यंत. पंचविसाव्या वर्षी तो मला शोभत होता. आता तिशीत घातला तर धाकट्या बहिणीचे कपडे चढवून आल्यासारखी दिसते.

दुपारी बाबांचा फोन.

"प्रबंध झाला ना तुझा? मग आता तुला डॉक्टर म्हणायचं ना?"

"म्हणा. पण त्या अर्थाने नाही."

"म्हणजे अजून कॉलेज आहेच."

"दोन वर्षं."

या दुहेरी पदवीचा कारभार मी त्यांना दरवर्षी समजावते. आधी दोन वर्षं डॉक्टरकीची पुस्तकं, मग ती मिटून प्रयोगशाळेत प्रबंध, आणि प्रबंध झाला की जिथे पुस्तक मिटलं तिथे परत, जणू मधे काही घडलंच नाही.

"शेजारची लोइस विचारत होती, तुमची नोरीन एवढी वर्षं करत काय होती? तिला सांगता येईल असं सांग."

मग सांगितलं. किडनीत एक गाळणी असते. काही घराण्यांत ती जन्मापासून कच्ची असते आणि हळूहळू विरत जाते. ती ज्या धाग्याने विणलेली असते तोच धागा कानातही असतो, म्हणून कानही जातात. पुरुषांना पुरता त्रास, बायकांना कमी, पण बापाला असेल तर त्याच्या प्रत्येक मुलीत तो उतरतो. आल्पोर्टचा रोग म्हणतात. मी तो उंदरांत पाहिला.

"उंदीर बहिरे होतात?"

"ते मी कधी तपासलं नाही. मला किडनीशी काम होतं."

बाबा हसले. लोइसला एवढं पुरेल म्हणाले.

६ जानेवारी

पाय सुजलेत. बूट काढून हे लिहिते आहे.

माझ्या तुकडीचा वरिष्ठ रेसिडेंट कोण असावा? डेस्मंड प्रुइट. पहिल्या वर्षी हा पोरगा शरीररचनेत गटांगळ्या खात होता. मी त्याच्या एक वर्ष पुढे. कॉलेजने त्याला माझ्या पदरात घातलं होतं, आणि मी त्याला माझ्या स्वयंपाकघरात बसवून, मॅकरोनी खायला घालून हाताच्या नसा घोकून घेतल्या होत्या. मी उंदरांत शिरले आणि तो सरळ रस्त्याने गेला. आता त्याचा कोट गुडघ्यापर्यंत आहे आणि माझे गुण त्याच्या हातात.

"नोरीन! तू आमच्याकडे?" म्हणाला. मिठी मारली. मिठी मारताना त्याला आनंद होत होता की कीव येत होती ते कळलं नाही.

सकाळच्या राउंडला मला न्यूमोनियाचा म्हातारा दिला. रुग्णाची हकीकत उभ्याउभ्या, तीन मिनिटांत सांगायची असते. मी सांगत गेले. काय पुरावा आहे, काय नाही, कुठे शंका आहे, दुसरं काय असू शकेल. आमचे मुख्य डॉक्टर फेरल घड्याळ बघायचे थांबून माझ्याकडे बघायला लागले.

"तर त्याला न्यूमोनिया आहे की नाही?"

"एकाच रुग्णावरून खात्रीने सांगता येणार नाही," मी म्हणाले.

अख्खी तुकडी हसली. फेरलसुद्धा. म्हणाले, "अजून तीस म्हातारे आणून देऊ का तुला?"

शिवाय मी स्टेथोस्कोप उलटा घातला होता. डेस्मंडने काही न बोलता माझ्या कानातून काढून सुलटा करून दिला. सगळ्यांसमोर. त्यापेक्षा बोलला असता तर बरं झालं असतं.

९ जानेवारी

आज स्वतःच्या हाताने नाक कापून घेतलं.

एका बाईच्या लघवीत रक्त होतं. माझ्या अंगात वारं शिरलं. पाच वर्षं मी हेच रक्त मोजलं आहे. राउंडला मी आल्पोर्ट म्हणाले, गाळणीचे थर समजावले, घराण्याची चौकशी करायला हवी म्हणाले. फेरलनी शांतपणे एक्स-रे पडद्यावर लावला. मूत्राशयात बोराएवढा खडा होता. बाई स्वतःच म्हणाली, "अहो, माझ्या आजीला, आईला, सगळ्यांना खडे. मला कुणी विचारलंच नाही."

तेव्हापासून मी उंदीरवाली. नर्सा प्रेमाने म्हणतात, त्यामुळे चिडताही येत नाही.

१० जानेवारी

शुक्रवार. हाउगेनबाईंबरोबर मासा खायला गेले. माझ्या प्रबंधाच्या गाईड, किडनीच्या डॉक्टर, वय सदुसष्ट. गेल्या तीस वर्षांत त्यांच्या हाताखालचा प्रत्येक विद्यार्थी शुक्रवारी चारला त्यांच्याबरोबर नदीकाठच्या त्या अंधाऱ्या खानावळीत तळलेला मासा आणि बटाट्याची धिरडी खायला जातो. प्रबंध झाला तरी सुटका नाही.

बाई नेहमीप्रमाणे विचारतात, "या आठवड्यात काय पाहिलंस?" काय केलंस नाही, काय सापडलं नाही, काय पाहिलंस. पाच वर्षं हाच प्रश्न. पूर्वी मला त्यात काहीतरी खोल वाटायचं. हल्ली वाटतं, म्हातारपणी माणसाला बोलायला काहीतरी लागतं.

खड्याची गोष्ट सांगितली. बाई हसल्या नाहीत. "चूक तू खडा न बघण्याची केलीस. रोग ओळखण्याची नाही," म्हणाल्या. मला फरक कळला नाही. मी सांगून टाकलं की ही डॉक्टरकी आता माझ्याच्याने होईलसं वाटत नाही. मी धड इकडची राहिले नाही, धड तिकडची नाही. प्रयोगशाळेत लोक मला डॉक्टर म्हणून चिडवायचे आणि इथे उंदीरवाली म्हणतात.

"धिरडं गार होतंय," बाई म्हणाल्या.

१४ जानेवारी

नवा रुग्ण. डेस्मंडने मुद्दाम माझ्या गळ्यात घातला. "किडनीचा आहे. तुझ्या घरचं काम," म्हणाला. टोमणाच तो. मी ऐकून घेतलं.

जेराल्ड नोविकी, वय बावन्न. दोन वर्षं डायलिसिसवर. डायलिसिसची नळी छातीत घातली होती तिथून जंतू रक्तात गेलेत, म्हणून तीन आठवडे शिरेतून औषध घेत पडून राहायचं आहे. किडन्या कशाने गेल्या? कागदावर रक्तदाब आणि वेदनाशामक गोळ्या लिहिलंय. पत्रे ठोकून मोटारींचे भाग करणाऱ्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं मोठ्या प्रेसवर होता, पाठदुखीला मूठमूठ गोळ्या खायचा.

स्वभावाने खवट. आणि बहिरा ठार. प्रेसवरची सगळीच माणसं तशी असतात म्हणे.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"काय?"

"दुखतंय का?"

"ओरड की जरा. सगळ्या डॉक्टरांना घसा बसलेला असतो का?"

ओरडले. बाजूच्या खाटेवरचा म्हणाला, मला दुखतंय.

त्यांची मुलगी मार्सी आली होती. सत्तावीस वर्षांची, बेकरीत पहाटपाळी करते, कोपरापर्यंत पीठ लागलेलं. बापाला ती आपली एक किडनी देणार आहे. सहा फेब्रुवारीला शस्त्रक्रिया ठरली आहे, तोवर जंतू गेले पाहिजेत. बाप तिच्यावर खेकसत होता आणि ती निघाल्यावर दाराकडे बघत बसला. एवढं मात्र माझ्या लक्षात आलं.

१७ जानेवारी

हाउगेनबाईंना कळवलं की काम आहे, मासा खायला येत नाही. काम काही नव्हतं. त्यांच्यासमोर बसून काय पाहिलं ते सांगण्याइतकं त्राण राहिलेलं नाही.

नोविकी आज सगळ्यांवर उखडले होते. टीव्ही इतका मोठा लावतात की नर्स येऊन बंद करते. श्रवणयंत्र घरी खणात पडलंय, त्यात खरखर होते म्हणे. मी सांगितलं की मुलीकडून मागवून घ्या. ते म्हणाले, "मला ऐकू येत नाही ही माझी अडचण आहे की तुझी?" दोघांचीही, मी म्हटलं. तेही त्यांना ऐकू गेलं नाही.

मार्सी बाहेर कॉफीच्या यंत्रापाशी भेटली. थोडी घाबरलेली. दात्यांच्या तपासणीत तिच्या लघवीत किंचित रक्त आलं होतं. तिथे म्हणाले, पाळी जवळ आली असेल, पुन्हा बघू.

"असं मला मधून मधून येतं," ती म्हणाली. "म्हणून नाही म्हणणार नाहीत ना ते?"

मी म्हटलं, नाही म्हणणार. तिचा चेहरा एकदम सैल झाला. आठवडाभरात कुणालातरी माझ्यामुळे बरं वाटलं.

२२ जानेवारी

आज हकीकत तीन मिनिटांत बसवली. फेरल म्हणाले, "माणसात आलीस." डेस्मंड मागे उभा राहून हसत होता. जेवताना माझ्यासमोर येऊन बसला.

"मी तुला नोविकी का दिले माहीत आहे?"

"टोमणा मारायला."

"अगं बाई." त्याने सँडविच खाली ठेवलं. "इथे किडनीतलं तुझ्याइतकं कुणालाच कळत नाही, फेरलनासुद्धा. वाटलं, स्वतःच्या अंगणात तरी सैल चालशील. आणि तू त्यांच्याबद्दल फक्त जंतूंचे आकडे सांगतेस."

"परवा अंगणात चालले होते की. खड्यावर आपटले."

त्याने सँडविच पुन्हा उचललं. मलाच वाटलं जरा जास्त तोडून बोलले.

नोविकींनी संध्याकाळी धरून बसवलं. मोकळे असले की ते बोलतात, आणि बहिऱ्या माणसाचं बोलणं अडवता येत नाही. त्यांच्या आईचा भाऊ स्टॅन, चौतिसाव्या वर्षी गेला. तोही ठार बहिरा, तोफखान्यात होता. फार सूज आली होती त्याला, शेवटी बूट चढत नव्हते. "आमच्या घरात सगळे आवाजाच्याच धंद्यात," म्हणाले आणि खोखो हसले. माझी ड्यूटी संपून तासभर झाला होता. बस चुकली.

२४ जानेवारी

आज गेले मासा खायला. दुसऱ्यांदा टाळायला कारण सुचलं नाही.

काय पाहिलंस, बाईंनी विचारलं. मी नोविकींची नक्कल करून दाखवली. ते ओरडणं, बाजूच्या खाटेवरचं उत्तर, तोफखान्यातला मामा, आवाजाच्या धंद्यातलं घराणं. मला वाटलं बाई हसतील. पाच वर्षांत मी त्यांना इतकं रंगवून काही सांगितलं नव्हतं.

बाईंनी काटा खाली ठेवला.

"कधीपासून ऐकू येत नाही त्यांना?"

"अठ्ठावीस वर्षं प्रेसवर होते. तेव्हापासून."

"असं ते म्हणाले?"

"असं कागदावर आहे."

"आणि मुलगी किडनी देणार आहे."

"सहा तारखेला."

बाई खिडकीबाहेर गोठलेल्या नदीकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता व्याख्यान. पण नाही. "त्यांना विचार, कधीपासून," एवढंच म्हणाल्या आणि बिल मागवलं. धिरडी तशीच राहिली. पाच वर्षांत बाईंनी धिरडं टाकलेलं मी पाहिलं नव्हतं.

मला रागच आला. सरळ सांगायचं तर सांगावं ना.

२५ जानेवारी

सुट्टी. सकाळी भांडी घासताना हातातली थाळी तशीच राहिली.

किडन्या. कान. मामा, म्हणजे आईची बाजू, आणि मुलग्यात हा रोग आईकडूनच येतो. मुलीच्या लघवीत रक्त.

मी खुर्चीत बसले. पाणी वाहत होतं ते बंद करायचं भान नव्हतं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, पण काखेत कळसा घेऊन मी त्याच्यावरच ओरडत होते. माझ्यासाठी हा रोग म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालची जांभळ्या रंगातली काचपट्टी. तो खाटेवर बसून टीव्ही मोठा लावेल असं मला कुणी सांगितलंच नव्हतं. खरं म्हणजे सांगितलं होतं. बाबांना मीच सांगितलं होतं.

आणि मार्सीला मी म्हटलं, नाही म्हणणार नाहीत.

दुपारपर्यंत उलटं वाटायला लागलं. प्रेसवर काम करणारी माणसं बहिरी होतात, हजारो होतात. गोळ्यांनी किडन्या जातात. पाळीच्या आधी लघवीत रक्त येतं. प्रत्येक गोष्टीला चोख कारण आहे. सोमवारी मी पुन्हा आल्पोर्ट म्हणाले तर फेरल माझ्यासमोर काय लावतील? दुधाने तोंड पोळलंय, आता ताक फुंकायला नको का? चूक ठरले तर उंदीरवालीची वेडी होईन, आणि डेस्मंडला ते लिहावं लागेल.

पण बरोबर ठरले आणि बोलले नाही, तर मार्सीच्या अंगात आधीच कच्च्या असलेल्या दोनांतली एक काढून घेतील.

आत्ता डेस्मंडला फोन करावा. नको. आधी विचारते.

२७ जानेवारी

राउंडच्या आधी गेले. नोविकी नाश्ता करत होते, मीठ नाही म्हणून अंड्यावर रागावलेले. मी खुर्ची ओढून त्यांच्या तोंडासमोर बसले आणि ओरडले, "तुम्हाला ऐकू कधीपासून येत नाही?"

"काय करायचंय तुला?"

"प्रेसवर लागलात त्यानंतर ना?"

त्यांनी माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं.

"प्रेसमुळे? प्रेसमुळे नाही गं पोरी. शाळेतच ऐकू येईना. मास्तर मला पहिल्या बाकावर बसवायचा आणि तरी थोबाडीत द्यायचा. कारखान्यात गेलो तर फोरमन म्हणाला, ऐकू येत नाही? मग मोठ्या प्रेसवर जा, तिथे कुणी टिकत नाही. बहिरा होतो म्हणूनच घेतलं मला."

"हे कुणाला सांगितलं नाहीत?"

"कुणी विचारलं नाही. सगळे आपलं आपण म्हणतात, प्रेसवर होता काय, अरे वा."

डेस्मंड जिन्यात सापडला. मी भडाभडा सांगितलं, खूप लांबण लावली, शंका, पुरावे, सगळं. त्याने घड्याळ पाहिलं नाही. शेवटी म्हणाला, "तर त्यांना आल्पोर्ट आहे की नाही?"

"आहे," मी म्हणाले.

तो मला घेऊन थेट फेरलकडे गेला. फेरल ऐकत गेले तसे त्यांच्या चेहऱ्यावरचे रंग बदलत गेले. मग त्यांनी दात्यांच्या विभागाला फोन लावला आणि मार्सी नोविकीची तारीख थांबवा म्हणाले. फोन ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या दिवशी मी तो एक्स-रे जरा मजेनेच लावला होता." एवढंच. फेरलांकडून एवढं म्हणजे खूप झालं.

मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

३० जानेवारी

डोळ्यांच्या डॉक्टरला नोविकींच्या डोळ्यातलं भिंग पुढे आलेलं दिसलं. ते दुसऱ्या कशात सहसा दिसत नाही. रक्ताच्या तपासणीला महिना लागेल, पण कुणाला शंका उरलेली नाही. मार्सीची लघवी हाउगेनबाईंनी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि मला बोलावून दाखवली. गाळणीतून निसटलेल्या, वेड्यावाकड्या रक्तपेशी. उंदरांच्या अशा मी लाखांनी पाहिल्या आहेत. या पहिल्याच, ज्यांच्या माणसाचं नाव मला ठाऊक आहे.

"तुम्हाला शुक्रवारीच कळलं होतं," मी म्हणाले.

"शंका आली होती."

"मग सांगितलं का नाही? मी विचारलंच नसतं तर?"

"तर सोमवारी दुपारी मी फोन करणार होते. सकाळ तुझी होती." बाई डोळे चोळत बसल्या. फार दमलेल्या दिसल्या. मला वाटायचं, या बाईंना विद्यार्थ्यांचा शीण येत नाही.

उद्या घरच्यांना सांगायचं आहे.

३१ जानेवारी

फेरल आणि हाउगेनबाईंनी सांगितलं. मी आणि डेस्मंड भिंतीला टेकून उभे. मार्सी बेकरीतून थेट आलेली, खिडकीपाशी. बाई नीट, तोंडासमोर, सावकाश बोलल्या. मार्सीची किडनी घेता येणार नाही. तिलाही तो रोग आहे. तिला कदाचित आयुष्यभर फार त्रास होणार नाही, कदाचित होईल. आत्तापासून औषध सुरू केलं तर पुष्कळ लांबवता येतं. नोविकींसाठी दुसरा दाता शोधायचा, यादीत त्यांचं नाव आहेच.

मार्सी म्हणाली, "मला चालेल. मला माहीत असूनही मी देते. माझी आहे, मी देऊ शकते."

"नाही," हाउगेनबाई म्हणाल्या.

"बाबांना वाट बघायला किती वर्षं आहेत?"

नोविकींना हे सगळं किती ऐकू आलं कळत नव्हतं. ते मुलीच्या हातावरच्या पिठाकडे बघत होते.

मोठे डॉक्टर गेले. डेस्मंडने जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दार लावून घेतलं. मी पण निघणार होते.

"ए," नोविकी म्हणाले. "ती म्हातारी म्हणाली की तू पाच वर्षं हाच आजार शिकत होतीस. खरं?"

"खरं."

"काय?"

"खरं!"

"हाच?"

मी मान हलवली.

"आणि दोन आठवडे रोज सकाळी माझ्या तोंडाशी येऊन ओरडत होतीस, ती तूच ना?"

रागाने विचारलं नाही. रागाने विचारलं असतं तर मला काही सुचलं असतं. मी हो म्हणाले. त्यांना ओठांवरून कळलं असावं.

मार्सी म्हणाली, "बाबा, तिच्यामुळेच तर कळलं." त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. मग त्यांनी पांघरुणाखालचे पाय बाजूला घेतले आणि खाटेच्या कडेला हाताने थोपटलं.

"बस इथे. आता मार्सीचं काय होणार ते सांग. आणि ओरडू नकोस. तिला ऐकू येतं."

मी बसले आणि हळू आवाजात सांगायला सुरुवात केली.